आधी बोल, मग टोचते

नितीनचा फोन आला तेव्हा मी मोताळ्याच्या आठवडी बाजारात भरताची वांगी निवडत होतो. वांगी निवडताना मला मध्ये कोणी बोललेलं चालत नाही, हे माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण नितीन पुण्यात राहतो, त्याला कुठून ठाऊक असणार. तो म्हणाला, "काका, आज-उद्यात घरी येऊन जाल का? आई काय म्हणतेय ते आम्हाला कळत नाहीये. गावातले सगळे म्हणतात, तुम्हाला कळेल."

त्याची आई म्हणजे आमच्या वानखडे सिस्टर. तालुक्यातल्या एका खेड्यात सरकारी दवाखाना आहे. तिथं त्या इंजेक्शनच्या खोलीत आणि मी शेजारी औषधाच्या खिडकीत, अशी एकोणीस वर्षं आम्ही काढली. मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडची फळी होती आणि तीही छतापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे मी सिस्टरांना पाहिलं त्याच्या दसपट ऐकलं आहे. कोणाला कळेल तर मलाच कळेल, हे गावाचं म्हणणं तसं चूक नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी सिस्टरांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. बुलढाण्याला महिनाभर ठेवलं, पाय थोडा उचलायला लागल्या, पण बोलणं परत आलं नाही. आला तो फक्त एक शब्द, "बाप्पा." तिथल्या डॉक्टरांनी नितीनला सांगितलं होतं की असं होतं कधी कधी. ठरवून बोलायचे शब्द जातात आणि तोंडातून आपोआप निघणारा एखादा उद्गार तेवढा मागे राहतो. आईला ऐकलेलं बरंचसं समजतंय, पण तिच्या 'हो'-'नाही'च्या मानेवर विसंबू नका, असंही ते म्हणाले होते.

आणि अडलं होतं नेमकं तिथंच. नितीनची रजा रविवारी संपणार होती. आईला पुण्याला न्यायचं, की इथं गावातच एक बाई चोवीस तास ठेवून तिच्याच घरात राहू द्यायचं, हे त्याआधी ठरायला हवं होतं. पुण्याला येतेस का विचारलं की सिस्टर मान हलवत आणि म्हणत, बाप्पा. इथंच राहतेस का विचारलं की तीच मान, तोच बाप्पा. नितीन गुणी पोरगा आहे. आईला न विचारता गाडीत घालून न्यायला त्याचा जीव धजत नव्हता, आणि न विचारता मागे ठेवायलाही. म्हणून त्यानं माझ्या वांग्यांत हात घातला.

मला मात्र उत्तर आधीच ठाऊक होतं, निदान मी तसं धरून चाललो होतो. निवृत्त झाल्यावर सिस्टर एकदा पंधरा दिवस पुण्याला राहून आल्या होत्या. आल्यावर मी विचारलं, कसं काय वाटलं. तर म्हणाल्या, "तिथी कोनाले लागलं-खुपलं तर ऐकूच येत नाही, भाऊ. दार लावून घेतात लोकं." माझ्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

आता सिस्टर कशा होत्या ते सांगतो. नुसतं 'फार प्रेमळ होत्या' म्हणून भागणार नाही, कारण त्या फारशा प्रेमळ नव्हत्या. ठेंगण्या, हाडापेरानं रुंद, चालताना चपलेचा फटफट आवाज करणाऱ्या. सकाळी आल्या की आधी खिडक्या उघडत आणि रात्रीच्या ड्यूटीवाल्याच्या नावानं अर्धा तास बोलत. पेशंट हळद लावून, चुना लावून, तंबाखू दाबून जखम घेऊन आला की त्याची अशी धुलाई करत की जखम धुण्याचं काम हलकं वाटावं. पण टोचायची वेळ आली की हीच बाई बदलून जाई.

त्यांची एक रीत होती. पेशंटच्या दंडावर जिथं सुई द्यायची तिथं त्या दोन बोटांनी दोनदा टकटक करत आणि थांबत. सुई हातात तयार, पण टोचत नसत. मग म्हणत, "आधी बोल, मग टोचते." नवा माणूस गोंधळून जाई. काय बोलू? "टोचल्यावर जे म्हनशील ते आधीच म्हन." मग तो माणूस लाजत, हसत, जे काय त्याच्या घरचं असेल ते म्हणे. तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. कापूस दाबून सिस्टर म्हणत, "झालं बाप्पा." दिवसातून चाळीस वेळा मी फळीपलीकडून हे ऐकलं आहे, आणि चाळिसाव्या 'झालं बाप्पा'लाही पहिल्याइतकंच समाधान असे.

सुरुवातीला मला हे थेर वाटलं. मी लोणार तालुक्यातल्या बीबीचा. आमच्याकडे बोलणं जालन्याच्या अंगानं जातं आणि पुरुष माणूस दुखलं तर गप्प बसतो. मी एकदा म्हणालो देखील, हा काय पोरखेळ लावलाय. तर म्हणाल्या, "श्वास धरला की मांस दगड होते. बोलला की श्वास सुटते, सुई लोन्यात गेल्यावानी जाते. तुमी गोळ्या मोजा." मी गोळ्या मोजायला लागलो. पण त्या दिवसापासून कान मात्र तिकडे गेला तो कायमचा.

काय काय ऐकलं नाही म्हणता. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या 'अव माय वं' म्हणत, तेही लांबवून, जणू माय पलीकडच्या शेतात आहे. मलकापूरकडून, खानदेशाच्या बाजूनं सून म्हणून आलेल्या बायका 'ओ माय वो' म्हणत. त्यात एक हेल असे. मुसलमान मोहल्ल्यातल्या बाया 'या अल्ला' म्हणत आणि लगेच हसत. साताऱ्याकडून बदलून आलेले एक मास्तर 'आयला' म्हणाले आणि मग सिस्टरांची माफी मागितली. सिस्टरांना त्या माफीचंच हसू आलं. एकदा पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांना आमच्या दाराचा खिळा लागला. धनुर्वाताची सुई घेताना ते 'अरेच्चा' म्हणाले. साहेबांची गाडी गेल्यावर सिस्टर दिवसभर खोलीत एकट्याच 'अरेच्चा, अरेच्चा' म्हणून पाहत होत्या, नवं पातळ अंगावर धरून पाहावं तशा.

त्यांचं स्वतःचं एक मत होतं आणि ते त्या कोणालाही ऐकवत. माणूस शिकते, बोलनं बदलते, लुगडं जाऊन ड्रेस येते, पण टोचलं की माहेरचंच निघते. बाई कुठली, तिचं माहेर कुठलं, आई वारली की आहे, हे सुद्धा त्या नुसत्या उद्गारावरून सांगत. आईचं मी तपासून पाहिलं नाही, पण गावाच्या बाबतीत त्या क्वचितच चुकत.

एका घरातल्या तिघांना एकाच कुत्र्यानं चावण्याचा प्रसंग घडला होता. आजी, तिचा मुलगा आणि नातू. तिघांनाही कुत्र्याच्या सुया, म्हणजे तिघांची दवाखान्याला पाच-पाच वेळा वारी. पहिल्या दिवशी आजीनं 'अव माय वं' म्हणत आपल्या माहेरची दोन-तीन माणसं हाकारली. मुलगा 'अबे लेका' म्हणाला, आणि ते कुत्र्याला होतं की सिस्टरांना ते कळलं नाही. नातू मोताळ्याच्या इंग्रजी शाळेत जाणारा. दंडावर टकटक झाल्यावर तो म्हणाला, "औच."

सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, हे नको, तुह्यं सांग. पोरगा म्हणाला, माझं हेच आहे. शाळेत सगळे हेच म्हणतात. मला वाटलं, आता पोराला आपली भाषा कशी बुडाली यावर ऐकावं लागणार, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायची इच्छाही होती. तर सिस्टर म्हणाल्या, "हाव बाप्पा. तुह्यं आहे तर तेच म्हन." आणि टोचलं. पाचव्या सुईला आजी 'औच' म्हणाली आणि पोराला इतकं हसू आलं की त्याला काही म्हणायचं सुचलंच नाही. सिस्टर म्हणाल्या, हसनं बी चालते.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. औषधाच्या खोलीत खोकी उतरवताना एकदा पत्रा माझ्या दंडाला लागला. रक्त फार नव्हतं, पण पत्रा गंजका. सिस्टरांनी जखम धुतली, सुई भरली, दोन बोटांनी टकटक केली आणि थांबल्या. मी म्हणालो, टोचा. त्या म्हणाल्या, आधी बोला. मी म्हणालो, मला काही म्हणायचं नसतं. त्या म्हणाल्या, असं कोनी नसते.

मी हट्टी आहे, हे मी लपवत नाही. माझी आई दुखलं-खुपलं की 'आगं आई गं' म्हणायची. आम्ही भावंडंही लहानपणी तेच म्हणायचो. ती गेल्यावर तो शब्द माझ्या तोंडून निघेनासा झाला, म्हणजे मीच निघू दिला नाही. ते काय मी प्लायवूडच्या फळीआड चार पेशंटांसमोर म्हणणार होतो? सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये झाकून ठेवली आणि दुसरे पेशंट घेतले. जेवणाची सुट्टी झाली, त्यांनी डब्यातली मिरचीची भाजी आणि भाकर मला दिली, सुई काही दिली नाही. शेवटी मी डॉक्टरांकडे जाऊन टोचून घेतलं. डॉक्टरांचा हात जड, तीन दिवस दंड वर होत नव्हता. तरी मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी सिस्टर खिडकीतून डोकावून एवढंच म्हणाल्या, "तुमचं राह्यलं, भाऊ." त्यानंतर त्यांना कधीही माझं काही ऐकायचं झालं की त्या हेच म्हणत, तुमचं राह्यलं.

पण सिस्टरांची खरी विद्या टोचण्यात नव्हती, ऐकण्यात होती. पोटात दुखणारा माणूस आला की त्या पोट दाबून पाहत आणि दाबताना भलत्याच गप्पा मारत. पीक कसं आहे, म्हैस गाभण आहे का, पोरीचं जमलं का. पेशंट घाबरलेला, बोट लागलं की 'माय वं', उचललं की 'माय वं'. सिस्टर दाबत राहत, बोलत राहत. मग एका जागी बोट थांबे. मी एकदा विचारलं, तुम्हाला कळतं कसं? म्हणाल्या, "भेवाचा आवाज सगळीकडं सारखाच असते. दुखते तिथी तुटते." आणि वर एक सूचना. एक जागा सापडली म्हणून हात काढून घेऊ नये, सगळं पोट पाहावं. कारण पहिली जागा पुष्कळदा आपल्याच मनातली असते.

हे मी डोळ्यांनी पाहिलं, नुसतं ऐकलं नाही, असा एक प्रसंग आहे. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी साताऱ्याकडची सून आली होती. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. सासू तिला दवाखान्यात घेऊन आली होती. पोटात दुखते म्हणते, पण पाहा, तोंडातून आवाज आहे का? सासू हे कौतुकानं सांगत होती. त्या घरात सुनेनं सासरी आईच्या नावानं कळवळायचं नाही अशी रीत होती. पहिल्याच दिवशी तिला तसं बजावलं होतं, कारण गल्लीत आवाज गेला तर लोक म्हणतील, पोरीला छळून राह्यले. पोरगी आज्ञाधारक. त्यामुळे ती शांत बसली होती, आणि आमच्या नव्या डॉक्टरांनी तिला तपासून गॅसच्या गोळ्या लिहून चिठ्ठी माझ्या खिडकीत पाठवली होती.

मी गोळ्या काढल्या होत्या. सिस्टर कशासाठी तरी माझ्या खोलीत आल्या, त्यांनी बाकावर बसलेल्या त्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ही बोलत काऊन नाही? मी सासूनं सांगितलेलं सांगितलं. सिस्टरांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, पोरीला आत नेलं, सासूला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, दारात उभे राहा, कोनी येऊ देऊ नका. आत त्या पोरीशी नदीबद्दल बोलत होत्या. तुमच्याकडे नदीला बारमाही पाणी असते का, भाऊ किती, राखीला येणार का. पोरगी हळूहळू उलगडली. एकदा 'अय्या' म्हणाली, एकदा 'अगं बाई'. मग उजवीकडे खाली बोट गेलं आणि पोरीनं 'आ' म्हटलं. पुढचा शब्द आलाच नाही.

सिस्टर डॉक्टरांकडे गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण डॉक्टर भला माणूस, उठून आला, पुन्हा तपासलं आणि स्वतः फोन करून गाडी मागवली. दुपारी दोनला ती बुलढाण्याला रवाना झाली, संध्याकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गाडी निघताना सिस्टर पोरीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आता ओरड बाई. तुह्या मायले साताऱ्यात ऐकू येईल इतकं ओरड." आणि ती ओरडली. सासू गाडीत शेजारी बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला होता.

त्या सासूबाई पुढे महिन्याभरानं कमरेची सुई घ्यायला आल्या. सिस्टरांनी टकटक केली आणि थांबल्या. त्या बाईनं चाळीस वर्षांत त्या घरात कधी तो शब्द काढला नव्हता, तिलाही तिच्या सासूनं बजावलंच असणार. मी गोळ्या मोजायचं सोडून ऐकत होतो. बऱ्याच वेळानं अगदी हळू आवाजात 'माय वं' आलं, आणि मग रडणं. सुईचं रडणं नव्हतं ते. सिस्टरांनी कितीतरी वेळ तिला तसंच बसू दिलं, बाहेर रांग खोळंबली तरी. मला त्या दिवशी सिस्टरांबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी बोललो नाही. आता बोललो तरी त्यांच्याकडून उत्तर येणार नाही.

तर मी नितीनकडे गेलो. सिस्टर ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला. शेजारी त्यांची नात ईरा, दहा वर्षांची, मोबाईलवर काहीतरी दाखवत होती. मला पाहिल्यावर सिस्टर म्हणाल्या, "बाप्पा." हा स्वागताचा होता, त्यात 'इतक्या दिवसांनी बरी आठवण झाली' हेही होतं. मी म्हणालो, बाजारात होतो, वांगी तशीच टाकून आलो. "बाप्पा," म्हणजे वांग्यांची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त. मला बरं वाटलं. बाईचा शब्द एकच उरला होता, पण बाई पुरती जागेवर होती.

नितीन आणि त्याची बायको मृदुला, दोघं समोर बसले होते. मृदुलाच्या हातात औषधांची यादी होती आणि डोळ्यांखाली जागरण. ती पुण्याची, तिच्या 'अय्या'ची सिस्टरांनी लग्नात भरपूर नक्कल केली होती. तीच आता महिनाभर सासूचं अंग पुसत होती. मी तिला म्हणालो, मला थोडा वेळ नुसत्या गप्पा मारू द्या, कोणी मध्ये बोलू नका.

आणि मी सिस्टरांची रीत सिस्टरांवरच वापरली. भलत्याच गोष्टी काढल्या आणि एकेका जागी बोट ठेवत गेलो. दवाखान्यात नवी सिस्टर आली आहे, ती काही बोलायला लावत नाही, सरळ टोचते. "बाप्पा," लांब, तुच्छतेचा. ह्या घराला यंदा रंग द्यायला हवा. "बाप्पा," साधा, सैल. शेजारच्या बायका रोज येतात ना? "बाप्पा," येतात आणि डोकं खातात. मग मी पुण्याचं काढलं. तिथं दारं लावून घेतात, लिफ्टमध्ये सगळे वर आकडे बघत उभे राहतात. सिस्टरांनी नाकातून असा 'बाप्पा' काढला की मृदुलालाही हसू आलं.

माझं काम झालं होतं. पुण्याला नाक मुरडलंच होतं त्यांनी, सगळ्यांनी ऐकलं होतं. मी नितीनकडे वळून सांगणारच होतो, की बाबा, आईला इथंच राहू दे. मला तेच हवं होतं, हेही कबूल करतो. मीही आता निवृत्त आहे, बायको गेल्याला चार वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा ह्या ओसरीवर येऊन बसायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. आणि माझ्या शब्दावर सगळं ठरणार होतं. मला कोणी तपासणार नव्हतं.

पण एक जागा सापडली म्हणून हात काढू नये. हे त्यांचंच सांगणं, आणि ते नेमकं त्या वेळी आठवलं याचा मला रागच आला. म्हणून मी आणखी दोन-चार गोष्टी काढल्या. पाऊस, सोयाबीन, गल्लीतलं लग्न. सगळीकडे तोच सैल बाप्पा. मग मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो, आता सोमवारपासून ईराची शाळा सुरू, म्हणजे ही रविवारी जाणार.

"बा," सिस्टर म्हणाल्या. पुढचं आलंच नाही.

मी लगेच विषय बदलला. मिरचीचं लोणचं, खिडकीतली चिमणी, काहीबाही बोललो. सूर परत सैल झाला. पाच मिनिटांनी पुन्हा त्याच जागी बोट ठेवलं, ईरा गेल्यावर घर सुनं होईल म्हणालो. पुन्हा अर्धाच आला आणि तुटला. तिसऱ्यांदा दाबायची गरज नव्हती, सिस्टरही तिसऱ्यांदा कधी दाबत नसत. इतक्यात सिस्टर ईराकडे पाहून 'बाप्पा' म्हणाल्या. मला वाटलं पाणी हवंय, पण ईरा आत जाऊन चष्मा घेऊन आली. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, आजीनंच. पाण्याचा बाप्पा वेगळा असतो काका, हा चष्म्याचा होता. मला चष्म्याचा आणि पाण्याचा फरक ऐकू आला नव्हता. माझ्या एकोणीस वर्षांवर त्या पोरीनं एका महिन्यात ताण केली होती.

मी नितीनला अंगणात नेलं आणि सांगितलं, आईला घेऊन जा. तो चमकला. म्हणाला, पण पुण्याचं नाव काढल्यावर तर ती... मी म्हणालो, पुणं तिला आवडत नाही आणि आवडणारही नाही, रोज नावं ठेवेल. पण दुखतं ते तिथं नाही. ईरा जाणार म्हटलं की दुखतं, दोन्ही वेळा तिथंच तुटलं. नितीन नुसता माझा हात धरून उभा राहिला. त्याचा हात त्याच्या आईसारखाच रुंद आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा गाडी दारात लागली होती. अर्धी गल्ली जमली होती, ती साताऱ्याची सून तिच्या पोराला घेऊन आली होती. सिस्टरांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला होता. ईरा मागून त्यांच्या मानेजवळ उशी ठेवत होती. मी काचेपाशी गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो, पण बोललो ते हवेबद्दल काहीतरी.

सिस्टरांनी डावा हात खिडकीतून बाहेर काढला. माझ्या दंडावर, त्या जुन्या पत्र्याच्या वणाच्या जरा वर, दोन बोटांनी दोनदा टकटक केली. आणि थांबल्या.

नितीननं गाडी चालू केली, आई निघूया का म्हणाला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिल्या, सुई हातात असताना पाहत तशाच, जराही घाई न करता. मागे गल्लीतल्या बायका उभ्या होत्या, माझे ओळखीचे चार पुरुष उभे होते.

"आगं आई गं," मी म्हणालो. मोठ्यानं निघालं.

"बाप्पा," सिस्टर म्हणाल्या. आधीचं 'झालं' त्यांना आता म्हणता येत नाही, पण मला ते ऐकू आलं. मग त्यांनी हात आत घेतला आणि ईरानं काच वर केली.